मंडईफेरी: बालवाडीच्या मुलांना भाजीबाजारात पायी नेताना

बालवाडीची फेरी फसते तेव्हा तिचं कारण बहुधा आठवडाभर आधीच घडून गेलेलं असतं. सोबतीला माणसं कमी घेतलेली असतात, वाट कोणी आधी चालून पाहिलेली नसते आणि 'मुलांना मंडई दाखवायची' यापलीकडे काहीच ठरलेलं नसतं. मग चोवीस मुलं गर्दीतून ओढत न्यायची, 'हे काय? वांगं! हे काय? भोपळा!' असं ओरडून घ्यायचं आणि घामाघूम होऊन परतायचं. वांगं तर मुलांनी घरी पाहिलेलंच असतं.

इथे दिलेला क्रम ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पायी फेरीचा आहे. हिशेब चोवीस मुलांचा वर्ग आणि अर्ध्या किलोमीटरवरची मंडई धरून केला आहे. एकच ठिकाण, प्रत्येक गटाला एकच काम आणि ठिकाणावर जास्तीत जास्त अर्धा तास, एवढीच फेरी असावी. 'आलोच आहोत तर बाजूचं देऊळ आणि पोस्टही करून घेऊ' हे कोणी म्हणालं तर स्वच्छ नाही म्हणा.

## १. ठिकाण, दिवस आणि वेळ (दहा दिवस आधी)

आठवडी बाजार नको. तिथे पालं दर आठवड्याला बदलतात, गर्दी दाट असते आणि आधी जाऊन बोलून ठेवायला ओळखीचं कोणी मिळेलच असं नाही. रोज भरणारी, ठरलेल्या गाळ्यांची मंडई निवडा. गावात तशी नसेल तर रस्त्याकडेला रोज बसणाऱ्या चार भाजीवाल्याही पुरतात.

अंतर मोजताना मोठ्यांची चाल विसरा. तीन-चार वर्षांच्या मुलांची रांग शंभर मीटर चालायला सुमारे चार मिनिटं घेते. म्हणजे अर्ध्या किलोमीटरला वीस मिनिटं, आणि येताना पंचवीस, कारण पाय दमलेले असतात. याहून लांबचं ठिकाण पहिल्या फेरीला घेऊ नका. वाहनाचा विचारही पहिल्या फेरीला नकोच. रिक्षात किंवा टेंपोत मुलं कोंबणं हा तर पर्यायच नाही.

वेळ साडेनऊ ते अकरा. पहाटेचा माल उतरवून झालेला असतो, घाऊक गिऱ्हाईक गेलेलं असतं आणि ऊन चढलेलं नसतं. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मटार, गाजर, हरभऱ्याचे डहाळे, पावटे, बोरं असं हाताळण्यासारखं पुष्कळ असतं. पावसाळ्यात मंडईची फरशी निसरडी असते आणि चोवीस छत्र्या म्हणजे चोवीस काड्या कोणाच्या तरी डोळ्यासमोर, तेव्हा तो काळ टाळा.

सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. भोगीच्या भाजीची गंमत दाखवायची असेल तर भोगीच्या चार-पाच दिवस आधी जा. माल आलेला असतो, झुंबड उडालेली नसते. मंडईच्या सुट्टीचा वार कोणता तेही विचारून घ्या.

तारीख ठरली की मुख्याध्यापकांना, आणि अंगणवाडी असेल तर पर्यवेक्षिकेला, लेखी कळवा. परवानगी हातात आल्याशिवाय पालकांना तारीख सांगायची नाही.

## २. पाहणी फेरी (एक आठवडा आधी)

सगळ्यांत जास्त गाळली जाणारी पायरी हीच. 'रोजचाच तर रस्ता आहे' म्हणून ती सोडली जाते. रोजच्या रस्त्यावर आपण एकटे, पिशवी हलवत चालतो. चोवीस मुलांच्या रांगेला तोच रस्ता वेगळा असतो.

ज्या वारी आणि ज्या वेळी फेरी आहे, त्याच वारी त्याच वेळी चालून या. मंगळवारच्या फेरीची पाहणी रविवारी संध्याकाळी केली तर ती न केल्यासारखीच. जाताना एक कागद घ्या आणि वाट काढा. त्यावर पुढच्या गोष्टी हव्यात:

- रस्ता ओलांडायची जागा (एकच असावी, दोन लागत असतील तर दुसरी वाट शोधा)
- उघडं गटार, खोदकाम, उघडी वायर, डीपी
- भटकी कुत्री कुठे बसतात, मोकाट बैल-गायी कुठे उभ्या असतात
- थांबायची सावलीची जागा, जाताना एक आणि येताना एक
- मुलांच्या हाताशी येणारी झाडं: कण्हेर आणि धोतरा विषारी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, खाजकुइली अंगाला लागली तर फेरी तिथेच संपली
- मंडईतलं किंवा जवळचं वापरण्याजोगं स्वच्छतागृह
- सर्वांत जवळचा दवाखाना आणि तो सकाळी किती वाजता उघडतो

मंडईत शिरल्यावर खाली बसा. खरंच उकिडवे बसा आणि तीन फुटांवरून बघा. ओट्यावरची भाजी मुलाला दिसतच नाही, दिसतात फक्त गोणपाटाच्या कडा आणि लोकांचे गुडघे. म्हणून जमिनीवर किंवा बुटक्या पाटीवर माल मांडणाऱ्या भाजीवाल्या निवडा.

मुख्य बोळ टाळा. तिथून हमाल डोक्यावर पोती घेऊन 'बाजू, बाजू' करत येतात. ओझ्याखालच्या माणसाला पटकन थांबता येत नाही आणि पायाशी उभं असलेलं मूल दिसत नाही. हातगाड्यांचंही तसंच. टेंपो मागे घेतात ती बाजू कागदावर लाल करा. तिकडे जायचंच नाही.

मग भाजीवाल्यांशी बोला. चोवीस मुलांचे सहा गट असतील, तर सहा मावशी-काका ठरवा. दोघीच राजी झाल्या तर गट पाळीपाळीने पाठवा. त्यांना चार गोष्टी सांगा: मुलं किती आणि केव्हा येणार, कोणती भाजी हातात दिलेली चालेल, मोडतोड झाली तर पैसे आम्ही देऊ, आणि मुलांच्या हातात खायला काही द्यायचं नाही. शेवटची गोष्ट दोनदा सांगा. मायेपोटी प्रत्येक मुलाला गाजर नाहीतर बोर मिळतंच, आणि ते न धुतलेलं असतं. 'द्यायचंच असेल तर ताईच्या पिशवीत टाका' म्हणावं, म्हणजे त्यांचं मनही मोडत नाही.

तपासा: हिरव्या मिरचीचा ढीग, अळूची पानं आणि सुरण ठरलेल्या गाळ्यांच्या शेजारी आहेत का? असतील तर गाळा बदला. मिरची चाचपलेला हात डोळ्याला लागला की रडणं आवरत नाही, आणि अळू-सुरणाने हात खाजतात.

## ३. माणसांचा हिशेब

तीन-चार वर्षांची चार मुलं म्हणजे एक मोठं माणूस. पाच-सहा वर्षांची असतील तर पाच. शिवाय एक माणूस कोणत्याही गटाचं नाही, पूर्ण मोकळं. चोवीस लहान मुलांना सहा अधिक एक, म्हणजे सात जण लागतात.

मोकळं माणूस ही चैन वाटते आणि तीच पहिली कापली जाते. मग एका मुलाला शू लागते, ताई त्याला घेऊन जाते, तिची उरलेली तीन मुलं शेजारच्या गटात जातात आणि तिथला हिशेब बिघडतो. मुलं हरवतात ती अशा अदलाबदलीत.

सात माणसं जमत नसतील तर वर्ग अर्धा करा. बारा मुलं ताई आणि तीन पालकांबरोबर जातील, बारा मदतनीसताईंजवळ वर्गात राहतील. दोन दिवसांनी उलट. तीन पालक एकेक गट घेतील, ताई मोकळी. दोन खेपा कराव्या लागतात म्हणून कुरकुर होते, पण बारा मुलांच्या फेरीत प्रत्येक मुलाच्या हातात खरोखर वजनाचं माप येतं. चोवीसांच्या फेरीत ते बहुतेकांच्या हातात येतच नाही.

सोबतीला येणाऱ्या पालकांना आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बोलवा. प्रत्येकाला चार नावांची चिठ्ठी द्या आणि ती मुलं समोर उभी करून ओळख करून द्या. त्यांना सांगायचं ते एवढंच:

- तुमची चार मुलं तुमच्या नजरेच्या टप्प्यात नाही, हाताच्या टप्प्यात हवीत.
- फोन पिशवीत. फोटो मोकळं माणूस काढेल.
- धाकट्या बाळाला सोबत आणायचं नाही.
- स्वतःची भाजी घ्यायची नाही. (हसू येईल, पण मटार स्वस्त दिसला की राहवत नाही.)

आपलं मूल आपल्याच गटात असावं का, यावर दोन मतं आहेत. आमचं मत असं: मूल रडवं असेल तर आईच्याच गटात ठेवा, नाहीतर शेजारच्या गटात. आई दुसऱ्या गटात दिसत राहिली की मूल शांत असतं आणि आईचं लक्षही चौघांवर राहतं.

## ४. पालकांची चिठ्ठी (पाच दिवस आधी)

वर्षाच्या सुरुवातीला घेतलेली सरसकट संमती पुरत नाही. प्रत्येक फेरीची वेगळी चिठ्ठी काढा, कारण मुलाची तब्येत आणि घरचा फोन नंबर वर्षभरात बदलतो. नमुना असा:

'मंगळवारी सकाळी ९.३५ ते ११ या वेळात मुलांना पायी भाजीमंडईत नेणार आहोत. मुलांना पट्टा असलेली, रोजच्या सवयीची चप्पल किंवा बूट घाला. नवे बूट नकोत. सोन्याची बाळी, साखळी, बिंदल्या काढून ठेवा. सकाळी नाश्ता देऊन पाठवा. पैसे, खाऊ, खेळणं देऊ नका. मुलाला दमा, आकडी, कशाची अॅलर्जी, चालू औषध असेल तर इथे लिहा: ____. त्या दिवशी ११ वाजेपर्यंत नक्की उचलला जाईल असा फोन नंबर: ____. फोटो काढायला हरकत आहे / नाही. सही: ____.'

वाचता न येणाऱ्या पालकांना चिठ्ठी वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घ्या. फोटोची परवानगी वेगळ्या ओळीत ठेवा. फोटोला 'हरकत आहे' म्हणणाऱ्याचं मूल फेरीतून वगळायचं नाही, फोटोतून वगळायचं.

चिठ्ठी न आलेलं मूल नेता येत नाही, मग ते कितीही रडो. म्हणून आदल्या दुपारी राहिलेल्यांच्या घरी फोन करा. सकाळी फाटकात उभं राहून हे करायची वेळ आणू नका.

गोंगाट सहन न होणारं मूल असेल तर त्याला आधी एकदा पालकांबरोबर शांत वेळी मंडईत जाऊन येऊ द्या आणि गाळ्याचे फोटो वर्गात दाखवा. चाकाची खुर्ची किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वापरणाऱ्या मुलासाठी पायऱ्या आणि फरशीचे उंचवटे पाहणीतच बघून ठेवा. त्याच्या गटात तीनच मुलं ठेवा.

## ५. मुलांचा सराव (तीन दिवस, रोज पंधरा मिनिटं)

रस्त्यावर दिलेली सूचना लहान मूल ऐकत नाही. त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्टच ते करतं. म्हणून अंगणात तीन खेळ घ्या.

*पुतळा.* शिट्टी वाजली की आहे तिथे, आहे तसं थांबायचं. पहिल्या दिवशी चालताना, दुसऱ्या दिवशी पळताना, तिसऱ्या दिवशी मुलं खेळात रंगलेली असताना मध्येच. तिसऱ्या दिवशी सगळी मुलं तीन मोजेपर्यंत थांबली नाहीत, तर फेरी पुढे ढकला. ही अट कडक वाटेल, पण रस्त्यावर तुमच्या हातात दुसरं साधन नसतं.

*जोडी.* प्रत्येक मुलाची जोडी ठरवा आणि तीच कायम ठेवा. चपळ मुलाला संथ मुलाची जोडी द्या. 'तुझी जोडी कुठे?' असं विचारलं की हात वर करून दोघांनी 'इथे!' म्हणायचं. मुलं एकमेकांना मोठ्यांपेक्षा लवकर हुडकतात.

*आडवी रांग.* जमिनीवर चुन्याने दोन रेघा मारा, हा रस्ता. जोड्यांची लांब रांग एका रेघेवर आणायची, सगळ्यांनी रस्त्याकडे तोंड करायचं आणि एकदम पलीकडे जायचं. याचा उपयोग पुढे आठव्या टप्प्यात येतो.

हरवलं तर काय करायचं तेही शिकवा, घाबरवून नव्हे. 'ताई दिसली नाही तर आहे तिथेच खाली बसायचं आणि ताईला मोठ्याने हाक मारायची. ताई शोधत येते.' मूल शोधत फिरू लागलं की सापडायला वेळ लागतो.

वर्गात गटांची नावं भाज्यांवरून ठेवा: लिंबू गट, काकडी गट, गाजर गट, मटार गट, कोथिंबीर गट, टोमॅटो गट. ज्याचं जे नाव, त्याने तेच विकत आणायचं. काम लक्षात ठेवायला वेगळी आठवण द्यावी लागत नाही.

## ६. पिशवी

मोकळ्या माणसाकडे एक पाठपिशवी. तिच्यात:

- पाणी: २४ मुलांना १५० मिलिलीटर धरले तर ३.६ लिटर, म्हणून पाच लिटरचा कॅन आणि दहा पेले. मुलांच्या गळ्यात बाटल्या नकोत. त्या लोंबतात, सांडतात, आणि पट्टा कशाला तरी अडकतो. (कॅन दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, किंवा दोन छोट्या कॅनमध्ये वाटा.)
- साबण, दोन पंचे, ओले रुमाल
- चड्ड्या तीन, पँट दोन, प्लॅस्टिकच्या पिशव्या चार (ओल्या कपड्यांसाठी आणि उलटीसाठी)
- कापूस, गॉज, पट्ट्या, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, जंतुनाशक मलम
- ओआरएसची पुडी. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती मिसळायची. काही पुड्या लिटरच्या असतात, काही पेल्याच्या
- मुलांची यादी आणि पालकांचे नंबर, कागदावर. फोन बंद पडतो, कागद पडत नाही
- शिट्टी
- प्रत्येक गटासाठी छोट्या पाकिटात सुटे पैसे: दहा-दहाची दोन नाणी आणि एक कापडी पिशवी

दम्याचा पंप किंवा नेहमीचं औषध पालकांच्या लेखी सूचनेसह आणि मुलाच्या नावासह घ्या. सूचनेशिवाय ताईने तापाची गोळीसुद्धा द्यायची नाही.

ओळखपट्टी मनगटाला कापडी बांधा. तिच्यावर शाळेचं नाव आणि फोन नंबर. मुलाचं नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचं समजतं. गळ्यातली दोरीवाली ओळखपत्रं या वयाला धोक्याची.

## ७. निघण्याची सकाळ

९.१५ हजेरी. आज आलेली मुलं मोजा आणि आकडा प्रत्येक मोठ्याच्या तळहातावर पेनने लिहा. पटावरचा आकडा डोक्यात ठेवून मोजणं ही नेहमीची चूक. दोन मुलं गैरहजर असताना परतीच्या वेळी 'चोवीस हवीत' म्हणून धांदल उडते; त्याहून वाईट म्हणजे बावीस असायला हवी तिथे एकवीस भरली तरी 'दोघं-तिघं आज नव्हतीच' म्हणून चालून जातं.

९.२० सगळ्यांची शू. 'लागली नाही' म्हणणाऱ्यांचीही.

९.३० सगळ्यांचा एक फोटो, चेहरे आणि कपडे दिसतील असा. हा आठवणीसाठी नाही. मूल हरवलं तर 'निळा शर्ट की हिरवा?' यावर कोणाचंच एकमत होत नाही, तेव्हा हा फोटो पोलिसांना दाखवता येतो. फेरी सुरू असताना पालकांच्या ग्रुपवर एकही फोटो टाकायचा नाही. मुलं कुठे आहेत हे त्या वेळी बाहेर कळण्याची गरज नाही.

रद्द करा, जर: ठरलेल्यांपैकी एक जरी मोठं माणूस आलं नसेल, पाऊस आहे, मंडईत बंद, मोर्चा किंवा कसला बंदोबस्त आहे, दोनपेक्षा जास्त मुलांना ताप किंवा जुलाब आहे. रद्द झाल्यावर वर्गातच भाजीबाजार मांडा आणि दुसरी तारीख लगेच सांगा. 'चला, काही होत नाही' असं म्हणून निघू नका.

## ८. रस्त्यावर

पुढे ताई, सर्वांत मागे मोकळं माणूस, मध्ये गट. मागचं माणूस शेवटच्या मुलाच्या पुढे कधीच जात नाही. ताईची चाल मागच्या मुलावरून ठरते. रांगेत दोन मोठ्या पावलांहून जास्त फट पडली की थांबायचं.

पदपथ असेल तर पदपथावरून. नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. मुलं आतल्या बाजूला, मोठं माणूस रस्त्याच्या बाजूला. चालताना गाणी म्हणायची नाहीत. गाण्यात हॉर्न ऐकू येत नाही आणि शिट्टीही.

ओलांडताना लांब रांग तशीच रस्त्यात घालू नका. बारा जोड्यांची रांग ओलांडेपर्यंत पहिली मुलं पलीकडे आणि शेवटची अलीकडे असतात, मधल्या मुलांच्या दोन्ही बाजूंनी मोटारसायकली शिरतात. अंगणात केलं तसंच करा: सगळी रांग कडेला समांतर उभी करायची, दोन मोठ्यांनी दोन्ही दिशांची वाहनं हात दाखवून थांबवायची, ती खरोखर थांबली की 'चला' म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम आडवं पलीकडे जायचं. सात-आठ सेकंदांत काम होतं.

मोजणी १: ओलांडल्यावर लगेच. प्रत्येक गटवाला आपली चार मोजतो, मागचा सगळी मोजतो. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मोठी माणसं मोजणीत धरायची नाहीत.

## ९. मंडईत: अर्धा तास

पोचल्यावर आधी दोन मिनिटं एका बाजूला बसवा. नुसतं बघू द्या, वास घेऊ द्या, आवाज ऐकू द्या. लगेच बोलायला लागू नका. मंडईत पहिल्यांदा आलेलं मूल सुरुवातीला गप्पच असतं, आणि ते गप्प असणं म्हणजे कंटाळा नव्हे.

मग गट आपापल्या गाळ्यावर. प्रत्येक गटाने करायच्या गोष्टी तीनच:

हातात घ्या. एका हातात काकडी, दुसऱ्या हातात तेवढीच लांब दुधी. जड कुठली? मटाराची शेंग कानाशी हलवून बघा. कोथिंबीर आणि मेथी डोळे मिटून हुंगा. नावं विचारू नका. नाव सांगून झालं की मुलाला वाटतं, संपलं.

तोला. तागडीचा काटा असलेला गाळा मिळाला तर सोनं. एका पारड्यात पावशेराचं माप मुलाने ठेवायचं आणि दुसऱ्यात मावशींनी मटार टाकत जायचं, पारडी समान होईपर्यंत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर नुसते आकडे पळतात; पाच-सहा वर्षांची मुलं ते वाचतील, तीन-चारच्यांना त्यातून काही मिळत नाही. तागडी कुठेच नसेल तर माप आणि भाजी दोन हातांत देऊन अंदाज घ्यायला लावा.

विकत घ्या. गटातल्या मोठ्या मुलाने विचारायचं, 'मावशी, लिंबं कशी दिली?' नाणी मुलानेच द्यायची, पिशवी दुसऱ्याने धरायची, लिंबं तिसऱ्याने मोजून टाकायची, चौथ्याने 'येतो मावशी' म्हणायचं. पुढच्या वेळी कामं फिरवायची.

मोठ्यांची नेहमीची चूक इथे होते: मूल अडखळलं की आपण बोलून टाकतो. मनात दहा मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला मूल बोलतं.

सावध: मटाराचे दाणे, शेंगदाणे, चिंचोके, बोराच्या बिया नाकात आणि कानात जातात. शेंगा शाळेत जाऊन सोलायच्या, मंडईत नाही. मंडईत खायचं काहीच नाही, हेही पुन्हा सांगा.

पंचविसाव्या मिनिटाला शिट्टी. मुलं थांबली की सगळे ठरलेल्या कोपऱ्यात. मोजणी २. पाणी प्या. ज्यांना लागली त्यांना मोकळं माणूस आणि आणखी एक पालक स्वच्छतागृहात नेईल. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला नेऊ नये. तेवढा वेळ बाकी सगळे बसून राहतील, निघणार नाहीत. मोजणी ३, मग परत.

## १०. परतल्यावर

फाटकाच्या आत आल्यावर मोजणी ४ आणि तळहातावरच्या आकड्याशी ताळा. त्यानंतर साबणाने हात, मग पाणी, मग खाऊ. या क्रमात बदल नको. भूक लागलेल्या मुलांना आधी डबा दिला की मंडईतले हात डब्यात जातात.

'आज काय काय पाहिलं, सांगा बरं!' हा प्रश्न चोवीस मुलांना एकदम विचारला की चारजण ओरडतात आणि वीस गप्प बसतात. त्यापेक्षा पिशव्या मध्ये ओता. वस्तू समोर आली की ती आणणारं मूल आपोआप बोलतं.

दुसऱ्या दिवशी भाज्या धुवायच्या, निवडायच्या आणि खायच्या. तीन-चार वर्षांची मुलं कोथिंबीर खुडतील, मटार सोलतील (एका मोठ्या माणसासमोर चारच मुलं, दाणे लगेच वाटीत). पाच-सहाची लिंबू पिळतील. काकडी ताईने किसायची. किसणी आणि सुरी मुलांकडे नको. काकडीची कोशिंबीर किंवा लिंबाचं सरबत, जे घरी आवडत नाही तेही इथे संपतं. गाजराचे जाड गोल तुकडे देऊ नका, किसून द्या.

त्याच आठवड्यात कोपऱ्यात मंडई मांडा: बुटक्या पाट्या, रद्दीच्या पिशव्या, दोन ताटल्या आणि दोरीची तागडी. ताईने भाजीवाली व्हायचं नाही, गिऱ्हाईक व्हायचं. मुलांनी मंडईतलं काय उचललं ते या खेळात कळतं: कोणी 'बाजू, बाजू' करत फिरतं, कोणी वर दोन मिरच्या फुकट टाकतं. ज्या मुलाने मंडईत तोंड उघडलं नव्हतं ते इथे भाव करताना दिसेल. प्रत्येक मुलाबद्दल एकच ओळ वहीत लिहा, तारखेसह.

पेरणी करायची असेल तर मेथी पेरा. तीन ते पाच दिवसांत अंकुर दिसतात. धणे पेरलेत तर आठ-दहा दिवस, कधी जास्तही थांबावं लागतं आणि तोवर मुलं ते विसरतात.

## बिघडलं तर

*मूल दिसत नाही.* शिट्टी. सगळे थांबून खाली बसतील, गटवाले जागचे हलणार नाहीत. मोकळं माणूस आधीच्या थांब्याकडे उलट चालत जाईल. मूल बहुधा जिथे रमलं होतं तिथेच असतं. ताई भाजीवाल्यांना सांगेल आणि मंडईत ध्वनिक्षेपक असेल तर पुकारायला लावेल. पाच मिनिटांत सापडलं नाही तर ११२ वर फोन आणि त्याच वेळी पालकांना. 'आधी सापडू दे, मग सांगू' असं करू नका.

*मिरची डोळ्यात.* चोळू द्यायचं नाही. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. दूध, तूप काही नको.

*कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडलं.* वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना, जखम किती का छोटी असेना.

*दाणा नाकात गेला.* बोटाने, चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

*घास अडकला.* मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, तेवढ्यानं सुटलं नाही तर मागून धरून बेंबीच्या वर पाच झटके आत-वर, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा.

## दुसऱ्या ठिकाणी नेताना

क्रम तोच, तपशील बदलतो. पोस्टात महिन्याचे पहिले दिवस टाळा. प्रत्येक मुलाने स्वतःच्या घरच्या पत्त्याचं पोस्टकार्ड पेटीत टाकायचं, पेटी उंच असते म्हणून एक भक्कम पाट सोबत न्या. रोपवाटिकेत औषध फवारणीचा वार विचारून तो सोडून जा. शेतात विहीर, शेततळं आणि मोटारीची पेटी कुठे आहे ते पाहणीतच बघा. विहिरीला कठडा नसेल तर ते शेत नकोच. कुंभाराकडे भट्टी पेटलेली नसेल तो दिवस धरा आणि मुलांसाठी चार-पाच किलो भिजवलेली माती आधी सांगून ठेवा.

परतल्या दिवशीच संध्याकाळी पाहणीच्या कागदावर दोन ओळी लिहा: कुठे वेळ जास्त गेला, कोणत्या गाळ्यावर गर्दी झाली. कागद फाइलला लावा, आणि चड्ड्या किती वापरल्या ते बघून पिशवी त्याच दिवशी पुन्हा भरून ठेवा.